बोअरच्या गाडीमागची शाळा

नाताळ अंकाच्या संपादकांनी पत्र पाठवून विचारलं, "बाई, शिक्षकी पेशातल्या आठवणी लिहाल का?" लिहीन की, न लिहायला काय झालं? पण एक आधीच सांगते. सरकारी शाळेत मी बावीस वर्षं शिकवलं, त्या आठवणी कुणीही मास्तरीण लिहील. हजेरी, तपासणी, गळकं छप्पर, साहेब येणार म्हटलं की पोरांची नखं कापायची. माझी खरी नोकरी त्याच्या आधीची. त्या शाळेला छप्परच नव्हतं, त्यामुळं ते गळायची भानगड नव्हती. पटावर दोन मुलं, आणि दोन्ही माझ्याच पोटची.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा आमच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भर पावसाळ्यात विहिरींचे तळ दिसत होते. मिशननं गावोगाव बोअर मारायला एक गाडी आणली आणि माझे यजमान त्या गाडीवर ड्रिलर लागले. मुलं त्यांना पप्पा म्हणायची, मलाही तीच सवय लागली, म्हणून इथंही पप्पाच लिहिते. गाडी म्हणजे ट्रकवर बसवलेलं यंत्र. दहा-दहा फुटांचे लोखंडी रॉड एकाला एक जोडत जमिनीत घालायचे. हवेच्या जोरानं खालच्या दगडाची भुकटी वर उडते. भुकटी तांबूस आली तर मुरूम, करडी आली तर काळा पाषाण, आणि ओली आली की अख्खं गाव नाचायला लागतं. एका गावात चार दिवस, कधी आठ, मग तंबू उचलून पुढचं गाव. वाशी झालं, परंडा झालं, तुळजापूरकडं तामलवाडीपर्यंत जाऊन आलो. असल्या बिऱ्हाडात लेकरांना शाळेत घालायचं कुठं?

पप्पांचं उत्तर तयार होतं. "बोर्डिंगात."

त्यांचं चूक नव्हतं. आईबाप लहानपणीच गेलेले, मिशनच्या बोर्डिंगनं त्यांना वाढवलं, हातात पाना दिला. "बोर्डिंग नसतं तर मी आजपण कुणाची तरी गुरं वळत असतो," असं ते छाती काढून सांगायचे. पण बोर्डिंगची मीही होते. सहाव्या वर्षी मला तिथं ठेवलं. आई दर नाताळला भेटायला यायची. तिसऱ्या नाताळला ती आली तेव्हा मी तिला म्हणाले, "तुम्ही बसा." आईला कुणी तुम्ही म्हणतं का? ती तिथंच पायरीवर बसून रडली. मला तेव्हा कळलंच नाही की मी काय केलं. पुढं मी शिकले, मास्तरकीचं ट्रेनिंग पुरं केलं, पण ते "तुम्ही" माझ्या काळजात रुतून बसलं ते बसलंच. माझी लेकरं मला तुम्ही म्हणणार नाहीत, एवढं मी लग्नाआधीच ठरवलं होतं.

म्हणून मी म्हणाले, "मी शिकवते. ट्रेनिंग काय चुलीत घालायला घेतलं?"

पप्पा भांडणारे नव्हते, पण हिशेबी. त्यांनी अट घातली. रूथ आठ वर्षांची होईल त्या जूनमध्ये तिला तालुक्याच्या शाळेत हेडमास्तरांपुढं उभी करायची. तिसरीत बसली, तर नाव तिथल्या पटावर लावून शिकवणं माझ्याकडंच ठेवायचं, परीक्षेपुरतं नेऊन बसवायचं. नाही बसली, तर रूथ आणि शलमोन दोघंही बोर्डिंगला. शलमोन तिच्याहून अडीच वर्षांनी धाकटा. मी म्हणाले, "तिसरी काय घेऊन बसलात, चौथीत बसवते!" माझी जीभ अशीच. मनाआधी पळते.

आता ज्यांना घरी शिकवायची हौस आहे त्यांना सांगते. घरी शिकवण्यात अक्षर, पाढे हे सोपं. अवघड हे की लेकरानं तुम्हाला मास्तर मानायचं कसं? सकाळी ज्या हातानं नाक पुसलं त्याच हातानं छडी उगारली तर पोरगं हसतं. मी त्यावर युक्ती काढली. गाडीचा एक तुटका रॉड तंबूच्या दोरीला टांगला. सकाळी पान्यानं त्यावर तीन टोले. टोले पडले की मी पदर खोचून पत्र्याच्या पेटीवर बसायची, आणि तेव्हापासून मी बाई. मला तुम्ही म्हणायचं. दुपारी परत तीन टोले पडले की मी आई, आणि मग तू. मधेअधे चालणार नाही. शलमोन पहिल्याच आठवड्यात उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "बाई, आमच्या आईला सांगा ना, मला भूक लागलीय." मी तोंडात पदर कोंबला. पण बाई म्हणून सांगितलं, "निरोप देते, खाली बस."

पाट्या फुटायच्या, खडू मिळायचे नाहीत. पण दगडाची भुकटी हवी तेवढी! परातीत ती पसरायची, बोटानं अक्षर गिरवायचं, परात हलवली की पाटी कोरी. गणित रॉडवर. सात रॉड गेले, किती फूट? दीडशे फुटाला पाणी लागायचंय, अजून किती रॉड? पोरं जेवताना सुद्धा तोंडी सांगायची. गाडीवरचे मजूर हटकून रूथला विचारायचे, "ताई, किती झालं?" आणि ती चूक होऊ द्यायची नाही.

सोनारीला असताना एक म्हातारी नातीला घेऊन आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाय, म्या ऐकलं तुमी लेकरांना किरिस्ताव करताव. खरं का?"

मी म्हणाले, "आजी, आत्ता सातचा पाढा चाललाय. सात साती एकोणपन्नास. यात किरिस्ताव काय हाय सांगा."

तिनं जरा विचार केला. "मंग हिला पाढंच शिकवा. देवाचं म्या बघते. आमचा भैरोबा हाय तिला."

"चालतंय," मी म्हणाले. सहा दिवस ती नात आमच्यात बसली आणि म्हातारी पण तिच्या मागं बसून ओठ हलवायची. निघताना मला म्हणाली, "लई नाय, पर पाचापातुर आलं मला." रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीवर जगायचे दिवस ते, तरी तिनं पदरातून मूठभर शेंगा काढून शलमोनच्या खिशात घातल्या.

आता माझी चूक सांगते. ती आमच्यासारख्या घरातच होऊ शकते.

आमच्यात संध्याकाळची प्रार्थना चुकत नाही. तंबू असो नाहीतर झाडाखाली पथारी असो, भाकरीच्या आधी सगळ्यांनी गोल बसायचं, एकानं शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं, मग प्रत्येकानं आपल्या तोंडानं प्रार्थना करायची. मी ठरवलं, रूथला वाचायला शास्त्रावरच शिकवायचं. देवाचं वचन आणि अक्षर एकाच दमात! 'परमेश्वर माझा मेंढपाळ, तो मला हिरव्या कुरणात बसवतो', त्या मेंढपाळाच्या स्तोत्रापासून सुरू केलं. साडेपाच वर्षांची पोर बोट ठेवून घडाघडा वाचायला लागली. मग दुसरं स्तोत्र, तिसरं. सात वर्षांची असताना नाताळच्या उपासनेत तिला स्टुलावर उभी केली. तिनं न अडखळता वाचलं. पाळकसाहेब म्हणाले, "बहिणी, बोर्डिंगची पोरं सुद्धा असं वाचत नाहीत." मी पप्पांकडं असं बघितलं की बिचाऱ्यांनी मान खाली घातली.

मार्चमध्ये एका संध्याकाळी रूथ वाचत होती. शलमोन शेजारी चुळबुळत होता, त्यानं खोडी म्हणून मधेच चार पानं उलटली. रूथ थांबली नाही. तिचं बोट ओळीवरून चाललेलं, तोंडानं मेंढपाळाचं स्तोत्र चाललेलं. मी वाकून पाहिलं. पान वंशावळीचं होतं. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा फलाणा. आणि माझी लेक त्यावर बोट फिरवत हिरवी कुरणं सांगत होती.

दुसऱ्या दिवशी टोले दिले आणि तिच्यापुढं साबणाचा कागद ठेवला. वाच. तिला चार सुटी अक्षरं आली, बाकी ती माझ्या तोंडाकडं बघत बसली. रोज प्रार्थनेत ऐकून ऐकून तिनं सगळी स्तोत्रं पाठ केली होती. तिनं फसवलं नव्हतं हो. बोट ठेवून म्हणायचं, यालाच वाचणं म्हणतात असं तिला वाटत होतं. तसं वाटू देणारी मी. ट्रेनिंग झालेली मी! गणित पाहणारे शंभर डोळे होते, वाचन पाहणारे दोनच, आणि ते कौतुकानं आंधळे झालेले.

जूनला तीन महिने. पप्पांना मी सांगितलं नाही. घमेंडच ती, दुसरं काय?

मग मी शास्त्र बाजूला ठेवलं आणि दिसेल ते वाचायला लावलं. पेंडीच्या पोत्यावरची अक्षरं, एसटीच्या पाट्या, भिंतीवरच्या जाहिराती. प्रत्येक गावात शिरताना विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी मर्यादित अशी लांबलचक पाटी असायची. मला वाटलं, वा, जोडाक्षरांना सोन्यासारखी आहे. पहिल्या गावात पोर रडली, दुसऱ्या गावात अडखळली, तिसऱ्या गावात लांबूनच पाटी बघून घडाघडा म्हणून मोकळी. मी कपाळावर हात मारून घेतला. ती पण पाठ! त्या दिवसापासून एकदा वाचलेला कागद दुसऱ्यांदा तिच्यापुढं ठेवला नाही.

मे महिन्यात एका गावात बोअर कोरडा गेला. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून भेटतात. दोनशे फूट जाऊन भुकटी करडी ती करडीच. दुसऱ्या दिवशी पाण्याचं उद्घाटन ठरलेलं, कुणी साहेब यायचे होते, हार आणून ठेवलेले. सरपंच पप्पांना बाजूला घेऊन म्हणाले, "आत दोन टँकर पानी सोडू. साहेब चार हापसे मारतील, फोटू निघंल, जातील. कुनाला कळतंय?"

पप्पा म्हणाले, "आणि परवा बायका घागरी घेऊन आल्या की?"

"त्ये परवाचं परवा बघू."

पप्पा गाडीच्या पायरीवर चढले आणि जमलेल्या गावाला मोठ्यानं सांगितलं, "बोअर कोरडा गेलाय. पाणी न्हाय लागलं."

एक बाई ओरडली, "असं तोंडावर सांगतूस व्हय रं?"

"मावशी, असलं तर असलं म्हणायचं, नसलं तर नसलं. खोटं पाणी पिता येतं का?"

गाव बिथरलं. त्या दिवशी आम्हाला कुणी घोटभर पाणी विचारलं नाही. मी चुलीपाशी कुरकुरले, "ओतू द्यायचं होतं. आपलं काय जात होतं?" पप्पा एवढंच म्हणाले, "हळू बोल, पोरं ऐकतायत." पोरं रॉडच्या ढिगावर बसून खरंच ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच ओरडणारी बाई आली आणि ओढ्याच्या कडेची एक जागा दाखवून म्हणाली, "हितं बघ. तू खरं सांगतूस, म्हनून दावते." तिथं पाणी लागलं. साहेब मात्र आधीच परत फिरले होते, हार बाभळीला अडकवलेले तसेच सुकले.

जून उजाडला. रूथ आता वाचायची, पण कशी? चिखलातून गाडी निघावी तशी. अक्षर लावायची, थांबायची, मागं जाऊन परत लावायची. तिसरीच्या मानानं कच्चंच. माझा जीव टांगणीला लागला. आणि शाळेत जायच्या आदल्या दिवशी, टोले पडून गेल्यावर, म्हणजे बाई म्हणून नाही, आई म्हणून, मी तिला जवळ घेऊन सांगितलं, "उद्या गुरुजींनी शास्त्र वाचायला दिलं तर वाच. पाठ आहे म्हणून सांगत बसू नकोस."

ती म्हणाली, "बरं."

आमचं जुनं शास्त्र मी मुद्दाम पिशवीत घातलं.

हेडमास्तर म्हणजे धोतर, काळी टोपी, आवाज बारीक पण खणखणीत. पप्पा आणि मी बाकावर बसलो. शलमोन पप्पांच्या मांडीवर. गुरुजींनी पाढे विचारले, रूथनं तीसपर्यंत म्हटले. तोंडी हिशेब घातले, ती रॉड मोजल्यासारखी बोटं हलवायची आणि उत्तर द्यायची. गुरुजी खूश. म्हणाले, "वाचन कसं आहे? पाळकसाहेब सांगत होते, पोर शास्त्र वाचते म्हणे."

"व्हय, आणलंय की," मी म्हणाले. आणि माझ्याच हातानं मेंढपाळाचं स्तोत्र काढून, पान उघडून तिच्यापुढं ठेवलं. हे मी केलं. आज लिहिताना सुद्धा कानाच्या पाळ्या गरम होतात.

रूथनं पानाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग शास्त्र मिटलं. "गुरुजी, हे मला पाठ आहे. दुसरं द्या."

गुरुजींनी भुवया उचलल्या आणि टेबलावरचा पेपर तिच्याकडं सरकवला. तालुक्यात दूध संघाचं शीतकरण केंद्र निघणार, अशी बातमी होती. शीतकरण! रूथनं बोट ठेवलं. शी... त... क... एकेक शब्द ओढून काढत पाच ओळी वाचल्या. शाळेबाहेर एक एसटी आली, माणसं उतरली, निघून गेली, तरी तिच्या पाच ओळी संपेनात. गुरुजी मात्र मधे बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "गणित चौथीचं आहे, बाई. वाचन दुसरीचं. खोटं कशाला बोलू? दुसरीत घेतो."

दुसरीत. म्हणजे बोर्डिंग.

बाहेर लिंबाखाली आलो. मला रडू आवरेना. पप्पांनी रूथला विचारलं, "तुला ते पाठ होतं ना, मग म्हणून टाकायचंस. का सांगितलंस?"

ती म्हणाली, "पप्पा, तुम्हीच सांगता ना, बोअर कोरडा असला तर कोरडा म्हणायचं."

तेव्हा मी बोलले. मार्चमधली वंशावळ, लपवलेले तीन महिने, आदल्या दिवशी तिला काय शिकवलं, सगळं सांगून टाकलं. "मीच तिला गप्प राहा म्हटलं होतं. मी दोन टँकर पाणी ओतायला निघाले होते."

पप्पांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. मला वाटलं, आता बोर्डिंगच्या गाडीची वेळ विचारतील.

"तीन महिन्यांत तिनं एवढं वाचायला घेतलं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"साध्या कागदावरनं?"

"पेंडीच्या पोत्यावरनं."

"मग जागा बरोबर हाय," ते म्हणाले. "अजून खाली जायला पाहिजे, एवढंच. अट माझी होती, मी मोडतो. दुसरी तर दुसरी. शिकव."

मी डोळे पुसेपर्यंत शलमोननं माझा पदर ओढला. "आई, तू रडतीयस का?" तो तू ऐकून मी आणखीच रडले.

तीन वर्षांनी रूथ चौथीच्या परीक्षेला बसली आणि तालुक्यात वरच्या नंबरात आली. पुढं ती नर्स झाली. औषधाच्या बाटलीवरचं लेबल ती आजही दोनदा वाचते. शलमोननं पप्पांचा पाना घेतला. मी त्याच गुरुजींच्या शिफारशीनं सरकारी शाळेत लागले. तिथं बावीस वर्षं कुणी पोरगं घडाघडा वाचायला लागलं की मी आधी पान बदलून बघायची. पोरं मला पान-बदल्या बाई म्हणायची, म्हणू द्या.

पण मला आठवते ती त्याच दिवसाची संध्याकाळ. वाशीच्या रस्त्याला तंबू होता. प्रार्थनेला बसलो. पाळी रूथची. तिनं शास्त्र घेतलं आणि स्तोत्रांची पानं सोडून आम्ही कधीच न वाचलेलं एक पान काढलं. बोट ठेवलं आणि सुरू केलं. एक शब्द, मग दुसरा. भाकरी गार होत होती, शलमोन पेंगायला लागला. एका जोडाक्षरापाशी ती अडली. परत मागं गेली, परत अडली. माझ्या जिभेवर शब्द आला, तोंड उघडलं.

पप्पांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"थांब," ते हळूच म्हणाले. "तिला खणू दे."

मी थांबले. रूथनं ओठ हलवले, बोट दाबून धरलं, आणि तो शब्द तिला लागला. तिनं मान वर करून पाहिलं, माझ्याकडं नाही, पप्पांकडंही नाही, पुस्तकाकडंच, आणि पुढच्या ओळीला गेली.